बाजारपेठेतलं दुकान चालणाऱ्याला दिसावं म्हणून

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मालवणच्या बाजारपेठेत वडिलांचं खाजं, कोकम, मसाले, काजूचं दुकान. दर्शनी बाजू दहा फूट. किल्ला बघून जेटीवरून परतणारी माणसं समोरून सरळ निघून जातात, म्हणून वर भला मोठा एलईडी बोर्ड लावायचा विचार आहे आणि बजेट तीसेक हजार. सगळे पैसे त्या बोर्डात घालू नका. ब्रशने बोर्ड रंगवायचे तेव्हापासून मी याच जिल्ह्यात या धंद्यात आहे, त्यामुळे असं सांगणं म्हणजे माझ्याच पोटावर पाय. तरी सांगतो.

दुकानाच्या कपाळावरचा बोर्ड मुख्यतः समोरच्या दुकानदाराला दिसतो. पेठेचा रस्ता अरुंद, माणूस तुमच्याच बाजूने चालत येतो, त्याला त्या बोर्डाची फक्त कड दिसते. साध्या चालीने माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जातो. म्हणजे तुमचे दहा फूट दोन-अडीच सेकंदांत संपले. त्यात त्याने मान वर करून बोर्ड वाचावा ही अपेक्षाच चुकीची. त्यापेक्षा भिंतीला काटकोनात, दोन्ही बाजूंनी रंगवलेला, दोन बाय दीड फुटाचा बोर्ड लावा. तो लांबूनच समोर येतो. खालची कड जमिनीपासून आठ फूट तरी वर हवी आणि बोर्ड गटाराच्या पलीकडे जाता कामा नये, नाहीतर पहिल्याच कोंबडीच्या टेम्पोत अडकेल. लावण्याआधी नगरपरिषदेत विचारून घ्या. नंतर काढायला लावतात तेव्हा भांडणात दिवस जातो.

त्यावर दुकानाचं नाव नको. परगावच्या माणसाला तुमच्या आजोबांचं नाव वाचून काय कळणार? ‘खाजं’ आणि ‘कोकम’ एवढे दोनच शब्द ठळक. दहा फुटांना एक इंच असा अक्षराचा ढोबळ हिशोब आम्ही धरतो, म्हणजे पन्नास फुटांवरून वाचायचं तर पाच इंची अक्षर. पण देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, म्हणून पाच इंची अक्षराच्या ओळीला नऊ इंच जागा सोडा. संगणकावर बसलेली पोरं हे विसरतात आणि अक्षरं चेपून बसवतात. पिवळ्यावर काळं किंवा पांढऱ्यावर गडद निळं करा. निळ्यावर लाल कितीही हौस असली तरी नको.

दुकानाच्या नावाच्या पाटीचा जो नमुना तुम्ही पाठवलाय, त्यात इंग्रजी नाव मोठं आणि मराठी खाली बारीक आहे. ते चालणार नाही. राज्याच्या दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान असून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने दिलेली दोन महिन्यांची मुदतसुद्धा नोव्हेंबर 2023 मध्ये संपली. आणि फ्लेक्स नको. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी चौकट गंजते, उन्हाने लाल रंग गुलाबी होतो. एसीपीचा पत्रा (दोन ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक असतं तो) आणि स्टेनलेसचे स्क्रू थोडे महाग पडतील, पण पावसाळे काढतील.

आता खरं दुखणं. फोटोत तुमच्या दारासमोर दोन स्कूटर आणि एक बुलेट दिसते. पेठेत निम्म्या वेळा या गाड्या गिऱ्हाइकांच्या नसतातच, दुकानदाराच्या, त्याच्या पोराच्या आणि शेजारच्या कामगाराच्या असतात. सकाळी लावली की रात्री काढायची. चालणाऱ्याला दुकानाच्या जागी सीट आणि आरसे दिसतात, आणि गाडीला वळसा घालताना तो आपसूक रस्त्याच्या मध्याकडे सरकतो. तिथून परत दुकानाकडे कोण येणार? गाड्या लांब लावा. फुकटातलं काम आहे आणि कुठल्याही बोर्डापेक्षा जास्त उपयोगाचं.

दारावरच्या वेफर-कुरकुऱ्यांच्या माळाही काढा. त्यामागे तुमचं काजूचं कपाट झाकलंय. पाकिटं पानपट्टीवरही मिळतात, तुमचा माल मिळत नाही.

उजेडाचं म्हणाल तर आपल्याकडे दुपारचं ऊन इतकं रखरखीत असतं की बाहेरून दुकान म्हणजे काळं भोक दिसतं. ट्यूब दारात लावून काही होत नाही, उलट आतलं अजून काळं दिसतं. मागच्या भिंतीवर, मालाच्या फळ्यांवर दिवे टाका, पिवळसर उजेडाचे, आणि ते दिवसाही चालू ठेवा. मागची भिंत उजळली की माणसाला दुकानाची खोली कळते आणि पाय आत वळतो. गल्ल्याचं टेबल सबंध दारभर आहे, ते एका बाजूला घ्या. रस्त्यावरून साबण मागणाऱ्या गाववाल्यासाठी अर्धं काउंटर राहू द्या, वर्षभर दुकान त्याच्यावरच चालतं.

आणि तुमच्याकडे खाजं आहे, हे तुम्ही विसरताय. गुळाच्या पाकात आलं पडलं की तो वास चार दुकानं पुढे जातो. तुम्ही मागच्या पडवीत कढई लावता असं लिहिलंय. संध्याकाळी, किल्ल्यावरची माणसं जेवायच्या जागा शोधत पेठेतून फिरतात तेव्हा, बेसनाच्या कांड्या पाकात घोळण्याचं काम पुढे आणा. कढई काउंटरच्या आत, पोरांचा हात पोचणार नाही अशी. झारा फिरतो, पाक घट्ट होत पांढरट पडायला लागतो, कांड्या एकमेकींपासून सुटतात, आणि बघता बघता चार माणसं उभी राहतात. चार उभी राहिली की पाचवा ‘काय आहे’ म्हणून थांबतोच. त्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवा. शेजारी पाटीवर खडूने पाव किलोचा भाव लिहा. पुणे-कोल्हापूरची माणसं भाव विचारायला लाजतात आणि न विचारताच निघून जातात. सुट्या मिठाईसमोर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावण्याचा नियम ऑक्टोबर 2020 पासून आहे. तीही ठळक लिहा, परगावच्या गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

दुपारी एक ते चार शटर बंद, हा आपला जुना धर्म. मी झोपेच्या विरोधात नाही. पण किल्ल्यावरून त्याच वेळी माणसं उतरतात आणि त्यांना पेठ म्हणजे राखाडी पत्र्यांची रांग दिसते. शेजारच्या दोघा-तिघांशी बोलून पाळी लावून बघा. नाहीच जमलं तर शटरवर वेळ आणि ‘खाजं, कोकम, काजू’ रंगवून घ्या. बंद शटरसुद्धा बोर्डच आहे.

पावसाळ्यात किल्ल्याच्या बोटी बंद असतात, पण गणपतीला चाकरमानी येतात, तेव्हा निळी ताडपत्री बोर्डावर उतरलेली नको. पुढच्या कडेला पन्हळ लावा, म्हणजे पाणी चालणाऱ्याच्या डोक्यावर पडणार नाही आणि पागोळीतून सुटलेला माणूस मिनिटभर तुमच्याच छपराखाली थांबेल. जोत्यावर एक बाकडं ठेवा, फक्त आपल्या हद्दीत. आजी टेकल्या की सुना निवांत खरेदी करतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, हंगामात संध्याकाळी पेठ गाड्यांना बंद करावी का. मला विचाराल तर हो. व्यापारी मंडळी म्हणणार, ‘गाडी नाय तर गिऱ्हाईक नाय’. माथेरानचा अख्खा बाजार गिऱ्हाइकांच्या गाड्यांविना चालतो, चपला आणि चिक्की विकून. पुण्यात महापालिका 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचाऱ्यांसाठी मोकळा करते. पण ते तुमच्या एकटीच्या हातातलं नाही, आणि त्याची वाट बघत बसायचं कारणही नाही. आधी गाड्या हलवा, माळा काढा, मागचे दिवे लावा. मग पन्नास पावलांवर दोन्हीकडून उभं राहून एकेक फोटो काढा, दुपारचा आणि दिवेलागणीचा, आणि इथे टाका. बोर्डाचं नेमकं माप त्यावरून सांगतो, तोवर ॲडव्हान्स देऊ नका.