'अल्पवयीन ताब्यात' की 'दारू बाळगणे'?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत, टेक्सासमध्ये शिकणाऱ्या वीस वर्षांच्या भाच्याला पोलिसांनी एक कागद दिला. त्यावर 'मायनर इन पझेशन' असं लिहिलेलं. मोबाइलने त्याचं मराठी केलं 'अल्पवयीन ताब्यात', आणि घरात रडारड सुरू झाली. भाचा तर खोलीवर निवांत होता. बाटली मित्राची होती, आपण थेंबही घेतला नाही, असं त्याचं म्हणणं. मराठीत याला नक्की काय म्हणायचं?

रडारड होणारच. 'अल्पवयीन ताब्यात' हा आपल्या वर्तमानपत्रांचा ठरलेला मथळा. तो वाचला की पोलिसांनी पोराला उचललं, एवढंच डोक्यात येतं. मुळात ताबा उलट्या बाजूने आहे. मुलगा कुणाच्या ताब्यात नाही, वस्तू मुलाच्या ताब्यात आहे. ती वस्तू दारू, हे इंग्रजीत सगळ्यांना माहीत म्हणून गाळून टाकलंय. मराठीत ते गाळून चालणार नाही.

'ताबा' आणि 'कब्जा' हे दोन्ही शब्द कायद्याच्या मराठीत आहेत, पण त्यांना जमीनजुमल्याचा वास येतो. फ्लॅटचा ताबा मिळतो, शेतावर कब्जा असतो. बिअरच्या कॅनवर कब्जा म्हटलं तर हसू येईल. त्यापेक्षा पोलिसांच्या बातम्यांतलं क्रियापद उचलावं: बाळगणे. पिस्तूल बाळगल्याप्रकरणी, गांजा बाळगल्याप्रकरणी.

मला हा शब्द आवडतो तो त्यातल्या जाणिवेसाठी. पाकीट खिशात असतं, ते कुणी 'बाळगत' नाही, सुरा बाळगतात. राग, वैर, आशाही बाळगतात. नकळत वैर बाळगता येत नाही. इंग्रजी शब्दातही कायदा हेच शोधतो. बाटली कुणाची, हा मुद्दा नाही. प्यायला की नाही, हाही नाही. ती तिथे आहे हे ठाऊक होतं का आणि तिच्यावर त्याचा अंमल चालत होता का, हे बघतात. त्यामुळे गाडीच्या डिकीतली बाटलीही अंगाशी येऊ शकते. उलट, मित्राने न सांगता सॅकमध्ये सरकवलेली बाटली जवळ होती म्हणता येईल, बाळगली म्हणता येणार नाही. (सिद्ध करताना नाकी नऊ येतील, ते वेगळं.)

आता 'मायनर'. 'अल्पवयीन' म्हटलं की आपण अठराच्या आतला समजतो. जुना कायदेशीर शब्द तर 'अज्ञान', सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालक कर्ता. वीस वर्षांच्या घोड्याला अज्ञान कसं म्हणणार? तिकडे तो अठराव्या वर्षीच मतदार होतो, पण दारूपुरता एकविसाव्यापर्यंत 'मायनर' राहतो. 1984 च्या केंद्रीय कायद्याने, एकवीसच्या आतल्यांना दारू विकत घेऊ देणाऱ्या किंवा सार्वजनिक ठिकाणी बाळगू देणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापायचं ठरवलं, आणि राज्यं एकेक करून वळली. म्हणून 'अल्पवयीन' नकोच, सरळ वय लिहा.

'गुन्हा' म्हणावं का? टेक्सासपुरतं हो. तिथे हा सर्वांत खालच्या, 'क' वर्गातला किरकोळ गुन्हा आहे: 500 डॉलरपर्यंत दंड, दारूविषयीचा वर्ग, पहिल्या खेपेला 8 ते 12 तास समाजसेवा आणि 30 दिवस वाहन परवाना बंद. मिशिगनमध्ये मात्र 2018 पासून पहिली खेप गुन्ह्यात धरत नाहीत, तो नुसता नियमभंग. दंड 100 डॉलरपर्यंत. गंमत म्हणजे टेक्सासमध्ये आई, वडील, पालक किंवा सज्ञान जोडीदार डोळ्यांसमोर असेल तर तीच बाटली बाळगलेली चालते. मामा त्या यादीत नाही.

तेव्हा घरच्यांना सांगताना असं सांगा: 'एकवीस वर्षांखालील व्यक्तीने दारू बाळगल्याचा आरोप.' यातला 'आरोप' गाळू नका, कारण अजून काही शाबीत झालेलं नाही. आणि त्या कागदाला 'पावती' म्हणू नका. पावती म्हटलं की माणूस पैसे भरून मोकळा होतो. टेक्सासमध्ये हा गुन्हा कबूल करायचा तरी न्यायाधीशासमोर उभं राहूनच करावा लागतो. तारीख बघून आधी वकील गाठायला सांगा.