सेप्सिसमध्ये अल्ब्युमिन न लावता साधं आरएल का लावलं?

सांगलीच्या आयसीयूत तुमच्या वडिलांना महागड्या अल्ब्युमिनऐवजी (रक्तातल्या प्रथिनाचं सलाईन) आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं साधं सलाईन, लावलं ते बरोबरच आहे. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडू लागतात तेव्हा, बीपी लो झालं की सुरुवात अशाच सलाईनने करतात. मी मिरजेत आयसीयूत काम करतो, 'भारीतलं लावा' हा आग्रह रोज ऐकतो. पण 2004 च्या सेफ अभ्यासात जवळपास 7,000 पेशंटमध्ये अल्ब्युमिन आणि नॉर्मल सलाईन (नुसतं मिठाचं पाणी), दोन्हीकडे 28 दिवसांतले मृत्यू सारखेच निघाले. मग नॉर्मल सलाईन का नाही? त्यात लिटरला 154 मिलीमोल क्लोराईड, आरएलमध्ये 109, म्हणजे रक्ताच्या बरंच जवळ. बाटलीवर बाटली चढली की नॉर्मल सलाईनने रक्तातलं आम्ल वाढतं. डोक्याला मार असेल तर मात्र नॉर्मल सलाईनच बरं.