जर्मन शेतकऱ्याच्या मुलीचा माग कसा काढायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: नवऱ्याची पणजी अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या एका जर्मन शेतकऱ्याची मुलगी, तिच्या वडिलांच्या कागदांवर जन्मस्थान म्हणून नुसतं 'हॅनोव्हर' लिहिलंय, तर मूळ गाव कसं शोधायचं?

तुम्ही वडिलांचे कागद शोधताय. मी म्हणेन, आधी मुलीचे शोधा. माझ्या सासूबाईंची आजी उत्तर कॅन्ससमधल्या वॉशिंग्टन काउंटीत, शेतावरच जन्मली आणि वाढली. तिच्या वडिलांचं गाव आम्हाला शेवटी तिच्याच नोंदींतून सापडलं.

'हॅनोव्हर' म्हणजे फक्त ते शहर नव्हे. 1866 पर्यंत ते अख्खं राज्य होतं, मग प्रशियाने ते गिळलं. त्यामुळे एकाच माणसाच्या जन्मस्थानापुढे एका जनगणनेत हॅनोव्हर, दुसरीत प्रशिया आणि तिसरीत जर्मनी दिसतं. यातलं काहीच खोटं नसतं. भर म्हणजे वॉशिंग्टन काउंटीत हॅनोव्हर नावाचं गावही आहे, तेव्हा नोंद कुठल्या हॅनोव्हरची हे आधी बघून घ्या.

वडिलांच्या बाजूने गेलात तर बहुधा ब्रेमनला अडकाल. वायव्य जर्मनीतली माणसं ब्रेमनच्या बंदरातून जहाजात बसायची आणि तिथल्या प्रवाशांच्या जुन्या याद्या जवळपास सगळ्या नष्ट झाल्या आहेत. हॅम्बुर्गच्या 1850 पासूनच्या याद्या टिकल्या, त्यांत प्रवासी कुठून आला तेही असतं. पण आमच्या आजीचे वडील हॅम्बुर्गला गेलेच नव्हते. अमेरिकेची 1890 ची जनगणनाही 1921 च्या आगीनंतर जवळजवळ काहीच उरली नाही. कॅन्ससने 1885 आणि 1895 मध्ये स्वतःची शिरगणती केली होती, ती मात्र जरूर बघा.

आम्हाला वाट सापडली चर्चच्या वहीत. तिथल्या जर्मनांच्या लुथेरन (म्हणजे प्रोटेस्टंट) चर्चच्या वह्या पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनमध्ये, जुन्या वळणाच्या लिपीत लिहिलेल्या असतात. ती लिपी आजच्या जर्मन माणसालाही शिकल्याशिवाय वाचता येत नाही, पण थोडा सराव केलात तर नावं आणि गावं नक्की उलगडतील. मुलीचा बाप्तिस्मा, चौदाव्या वर्षाच्या सुमारास कन्फर्मेशन (स्वतः श्रद्धा कबूल करण्याचा विधी), मग लग्न, अशा तिच्या नोंदी एकामागून एक येतात. बाप्तिस्म्याला धर्ममाता आणि धर्मपिता कोण होते ते नीट उतरवून घ्या. परमुलखात माणूस आपल्या गावचाच धरतो. आमच्या आजीची धर्ममाता तिच्या आईची मावसबहीण निघाली आणि त्या धर्ममातेच्या लग्नाच्या नोंदीत पाद्रीबाबांनी जुन्या हॅनोव्हर राज्यातल्या ओस्नाब्रुकजवळच्या गावाचं नाव स्वच्छ लिहून ठेवलं होतं.

ते गाव मिळाल्यावर माणसं निघाली का तेही कळलं. त्या भागात शेताची वाटणी होत नसे, सगळी जमीन एकाच वारसाकडे जायची. बाकीच्यांनी गडी म्हणून राबायचं किंवा मोठ्या शेतकऱ्याकडून खोपटं आणि तुकडाभर जमीन कसायला घ्यायची, त्या बदल्यात तो बोलावेल तेव्हा त्याच्या कामावर हजर व्हायचं. अशा माणसाला अमेरिकेत 1862 च्या कायद्याने पाच वर्षं राहून कसली तर 160 एकर मिळत होती.

तिकडच्या वह्या वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेताची वारस मुलगी असेल तर तिचा नवरा त्या शेताचं आडनाव लावायचा. म्हणून एकाच माणसाची दोन आडनावं दिसली की गोंधळून जाऊ नका. कॅथलिक वह्यांसाठी मॅट्रिक्युला ही वेबसाइट फुकट आहे, प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्किऑन या वेबसाइटला पैसे भरावे लागतात.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ते सांगते. 1907 च्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाशी लग्न केलेल्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व जायचं, ती नवऱ्याच्या देशाची ठरायची. आजीने 1911 मध्ये शेजारच्या शेतावरच्या जर्मन तरुणाशी लग्न केलं. त्याने नागरिकत्वाचा पहिला कागद, म्हणजे नागरिक व्हायचा इरादा जाहीर करणारा, भरला होता, दुसरा राहिला होता. 1917 मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि जून 1918 मध्ये सरकारने 'शत्रुदेशीय' बायकांची नोंदणी सुरू केली. लहान गावांत हे काम पोस्टमास्तरकडे होतं. कॅन्ससच्या मातीत जन्मलेली ही बाई आपल्याच गावच्या पोस्टात शत्रू म्हणून उभी राहिली.

तो कागद मी पाहिलाय. त्यावर फोटो चिकटवलाय, बोटांचे ठसे आहेत, आईवडिलांची आणि मुलांची नावं आहेत, नात्यातलं कुणी अमेरिकेच्या बाजूने किंवा विरुद्ध लढतंय का हेही विचारलंय. फोटोत तिने गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा पोशाख घातलाय आणि ती थेट कॅमेऱ्यात बघतेय. सासूबाईंनी आजीचा तरुणपणीचा चेहरा पहिल्यांदा पाहिला तो या कागदावर. मला आनंदही झाला आणि रागही आला, तो राग अजून गेलेला नाही. घरात याबद्दल कुणीच कधी बोललं नव्हतं. त्या काळात जर्मन बोलणंच धोक्याचं झालं होतं. शेजारच्या नेब्रास्काने तर 1919 मध्ये लहान मुलांना शाळेत जर्मन शिकवण्यावर बंदी घातली, ती सुप्रीम कोर्टाने 1923 मध्ये उठवली.

बहुतेक राज्यांचे शत्रुदेशीय नोंदणीचे हे अर्ज पुढे नष्ट केले गेले. कॅन्ससचे टिकले आहेत, ते राष्ट्रीय अभिलेखागाराच्या कॅन्सस सिटी शाखेत आहेत. पणजीचं नाव सासरच्या आडनावाने शोधा. त्याआधी 1920 च्या जनगणनेत तिच्या नवऱ्याच्या ओळीत नागरिकत्वाचा रकाना बघा. 'एनए' म्हणजे तो नागरिक झालेला, 'पीए' म्हणजे नुसता पहिला कागद भरलेला, 'एएल' म्हणजे परदेशीच. नवरा जर्मनीत जन्मलेला असेल आणि पुढे 'पीए' किंवा 'एएल' दिसलं, तर तिचा अर्ज असण्याची शक्यता चांगली आहे. 'एनए' दिसलं तर तो कधी नागरिक झाला ते साल त्याच जनगणनेत शेजारच्या रकान्यात असतं. ते 1918 नंतरचं असेल तरी अर्ज शोधाच.