बांध कोरणारे कण

प्रश्न : मी सातारला वर्कशॉपमध्ये काम करतो. नॅनो मेटल म्हणे साध्या धातूपेक्षा खूप कडक असतं आणि रेडिएशनलाही दाद देत नाही. मग अणुभट्टीत सर्रास तेच का वापरत नाहीत?

उत्तर : कारण ते नॅनो राहतच नाही हो, घोडं तिथंच अडतं!

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर फुलं फुलं दिसतात ना, ते जस्ताचे कण म्हणजे ग्रेन. रोजच्या वापरातला जवळपास प्रत्येक धातू अशा कणांचा बनलेला असतो, फक्त एरवी ते डोळ्याला दिसत नाहीत. हे कण नॅनोमीटरच्या (मायक्रॉनचा हजारावा भाग) मापाचे केले की झालं नॅनो मेटल. कण म्हणजे शेत आणि दोन कणांमधली हद्द म्हणजे बांध असं समजा. शेतं जितकी बारकी तितके बांध जास्त, २० मायक्रॉनचा कण २० नॅनोमीटरवर आणला की तेवढ्याच धातूत बांध हजारपट होतात. धातू वाकतो तेव्हा कणांच्या आत अणूंचे थर एकमेकांवर घसरतात, त्या घसरणीला हे बांध आडवे येतात म्हणून धातू कडक होतो, हे हॉल आणि पेच या दोन संशोधकांनी १९५१-५३ मध्येच दाखवलं होतं (अगदी १०-१५ नॅनोमीटरच्या खाली गेलं की गणित उलटं फिरतं, पण तो वेगळा विषय).

रेडिएशनचं म्हणाल तर न्यूट्रॉन येऊन धडकला की अणू जागचे उडतात, मागे रिकाम्या जागा राहतात आणि उडालेले अणू कुठंतरी मधेच घुसून बसतात. बांध या दोघांनाही गिळतो. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या लोकांनी २०१० मध्ये तांब्याचं कॉम्प्युटर सिम्युलेशन केलं त्यात तर असं दिसलं की बांध आधी घुसखोर अणू पोटात घेतो आणि नंतर तेच परत सोडून जवळच्या रिकाम्या जागा बुजवतो. मला स्वतःला हे फार आवडतं.

पण प्रत्येक बांधाला एनर्जी लागते, आणि धातूला ती कमी करायचीच असते. उष्णता मिळाली की अणू इकडून तिकडे उड्या मारतात, मोठं शेत शेजारचा बांध कोरत जातं आणि बारकं शेत गायब! ठोकून कडक झालेलं भांडं तांबट भट्टीत लाल करून मऊ करतो तेव्हाही जुने कण जाऊन नवे येतात आणि वाढतात, पण शुद्ध नॅनो तांब्यात तर भट्टीसुद्धा लागत नाही, रूम टेंपरेचरलाच काही दिवसांत कण वाढलेले दिसलेत.

बरं, थंड ठेवून भागेल का? तर नाही. सोनं, तांबं, प्लॅटिनम, झिर्कोनियमच्या पातळ फिल्म्सवर आयनांचा (विद्युतभार असलेल्या अणूंचा) मारा करून पाहिलेलं २००८ मध्ये छापून आलंय, उणे २५३ डिग्रीलाही कण वाढले, आणि एका मर्यादेखाली तापमानाने वेगात फरकच पडला नाही. कारण प्रत्येक धडकेत काही नॅनोमीटरचा ठिपका क्षणभर वितळल्यासारखा होतो (पिकोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळाचा खेळ), तो बांधावर पडला की बांध सरकतो. म्हणजे जो बांध नुकसान गिळणार तोच त्या नुकसानीत वाहून जातो, आणि उरलेल्या धातूला गिळायला बांध कमी पडतात.

उपाय म्हणून बांधावर परके अणू बसवतात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात २०१२ मध्ये टंग्स्टनमध्ये टायटॅनियम घालून ११०० डिग्रीला आठवडाभर तापवलं तरी कण २० नॅनोमीटरच्या आसपास राहिले. भारी आहे, पण ती फक्त उष्णतेची परीक्षा. माऱ्यात हे पहारेकरी अणूसुद्धा उडवले जातात, त्यामुळे अणुभट्टीत वर्षानुवर्षं ते जागेवर टिकतात का हे दाखवल्याशिवाय कुणी त्याचे पार्ट लावणार नाही.