‘तो काही करत नाही’

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ती आई बोलायला लागली. “मॅडम, दोन महिने झाले, माझी मुलगी फूटपाथवर पाय ठेवत नाही. कडेवर घेतलं तरच घराबाहेर पडते. साडेचार वर्षांची आहे, रोज शाळेपर्यंत कडेवर कशी नेऊ? आणि एक खरं सांगा, त्या दिवशी माझं काही चुकलं का?”

त्या दिवशी संध्याकाळी मायलेकी फूटपाथवरून घरी चालल्या होत्या. मागून एक गृहस्थ कुत्रा घेऊन येत होते. पट्टा तो, ओढला की सुटत जाणारा. कुत्रा पुढे आला आणि त्यानं मुलीच्या हाताला नाक लावलं. आई किंचाळली आणि तिनं मुलीला खसकन उचललं. गृहस्थ म्हणाले, “अहो, घाबरू नका, तो काही करत नाही.” आई म्हणाली, “आवरता येत नाही तर पाळता कशाला?” त्यावर ते म्हणाले, “मुलांना तुम्हीच भित्रं करता.” शब्दानं शब्द वाढला, चार माणसं जमली. मुलीला साधा ओरखडाही उठला नव्हता.

अशी तक्रार घेऊन पालक माझ्याकडे वरचेवर येतात, कुत्रा पाळणारेही येतात. म्हणून दोन्ही बाजूंना विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.

दुसऱ्या भेटीत मुलगी आली. माझ्याकडच्या खेळण्यांत एक कापडी कुत्रा आहे. तो दिसल्याबरोबर तिनं तो पायानं टेबलाखाली ढकलला आणि मग वाकून वाकून तो तिथंच आहे ना, ते बघत राहिली. मी विचारलं, “त्या दिवशी काय झालं गं?”

“आई ओरडली.”

“मग?”

“मग काका ओरडले. मग आई आणखी ओरडली.”

“आणि कुत्रा काय करत होता?”

तिनं बराच विचार केला. “तो खाली बसला.”

आई हे ऐकत होती. तिचे डोळे भरून आले. “म्हणजे मीच घाबरवलं तिला.” मी तिला तिथंच थांबवलं, कारण अपराधीपणाचं ओझं घेऊन घरी गेलेली आई दुसऱ्या दिवशी फूटपाथवर आणखी ताठरते. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ मध्ये भीती शिकण्याच्या तीन वाटा मांडल्या: स्वतःला आलेला अनुभव, दुसऱ्याला घाबरलेलं पाहणं आणि कानावर पडणारी माहिती. या मुलीच्या बाबतीत पाच मिनिटांत तिन्ही वाटा उघडल्या होत्या. हाताला अचानक ओलं नाक लागलं, आई घाबरलेली दिसली, आणि नंतर दोन महिने घरात ‘चावला असता तर’ हेच बोलणं चालू राहिलं. यातली पहिली गोष्ट आईच्या हातात नव्हतीच. अनोळखी कुत्रा मागून येऊन पोराला भिडला तर कोणतीही आई दचकेल. तिनं दचकावंच.

शिवाय उंचीचा फरक मोठ्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याला कुत्र्याची पाठ दिसते. साडेचार वर्षांचं मूल जेमतेम मीटरभर उंच असतं. मोठ्या कुत्र्याचं तोंड त्याच्या छातीशी येतं, म्हणजे त्याला समोर दिसतात ते दात आणि जीभ. त्या मुलीला हे बोलून दाखवताच तिनं पहिल्यांदा कापडी कुत्र्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, “जीभवाला.” पुढे त्या गृहस्थांच्या कुत्र्याचं आमच्या बोलण्यात तेच नाव पडलं.

‘चावला असता तर?’ या प्रश्नाला मात्र मी ‘असं काही होत नाही’ म्हणून उडवून लावत नाही. होतं. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या बहुतेक सगळ्या प्रकरणांत तो कुत्र्यामार्फत येतो, आणि लहान मुलांना चावे घेतले जातात तेव्हा ते अनेकदा तोंडावर, डोक्यावर, मानेवर असतात. म्हणून त्या आईला मी एक कागद लिहून दिला: चावलं किंवा नख लागून कातडी सुटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. कुत्रा पाळलेला असो, त्याचं लसीकरण झालेलं असो, तरी पुढे काय उपचार करायचे ते डॉक्टरांना ठरवू द्यायचं. तिनं तो कागद फ्रिजवर लावला. तेव्हापासून घरात ‘असता तर’ कमी झालं. काय करायचं हे ठरलेलं असलं की मन तीच तीच भीती उगाळत बसत नाही, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

ते गृहस्थ माझ्याकडे येतील असं मला वाटलं नव्हतं. आईनंच धीर करून त्यांना विचारलं आणि ते आले. सत्तरीच्या आसपासचे. बसले ते दुखावलेलेच. “मॅडम, त्या भांडणानंतर मी पहाटे अंधारात जातो. लोक बघतात माझ्याकडे, गुन्हेगार असल्यासारखे. आणि आता हा बाबागाडी दिसली की भुंकतो. पूर्वी नव्हता भुंकत.”

मी त्यांना विचारलं, “बाबागाडी दिसल्यावर तुमचा हात काय करतो?”

त्यांनी मूठ आवळून दाखवली आणि स्वतःच तिच्याकडे बघत राहिले.

पट्टा ताणला गेला की कुत्र्याला मागे सरता येत नाही, आणि मालकाचा ताण त्याच पट्ट्यातून त्याच्या मानेपर्यंत पोचतो. समोर धावणारं, किंचाळणारं लहान माणूस. पळता येत नसेल तर तो भुंकणार, आणि त्यानंही जमलं नाही तर दात दाखवणार. पण त्याच्या आधी तो बरंच काही सांगून चुकलेला असतो: तोंड फिरवतो, झोप नसताना जांभई देतो, खायला काही नसताना ओठ चाटतो, कान मागे पाडतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होतं. शेपूट हलते आहे म्हणजे खूश आहे, असं दरवेळी नसतं. ताठ उभ्या शरीराची उंच, झटक्यानं हलणारी शेपूट वेगळं सांगत असते. काकांनी आठवून सांगितलं की त्या संध्याकाळी खाली बसल्यावर त्यांच्या कुत्र्यानं दोनदा जांभई दिली होती. “मला वाटलं कंटाळला.”

मग आम्ही त्या एका वाक्यावर आलो. ‘तो काही करत नाही.’ काका म्हणाले, “पण खरंच नाही करत हो. बारा वर्षांत कुणाला साधा ओरखडा नाही.” मला त्यांच्यावर विश्वास ठेवायला काहीच अडचण नव्हती. पण ती बारा वर्षं त्यांनी पाहिली आहेत, त्या आईनं नाही. तिच्यासमोर एक क्षण आहे, एक मूल आहे आणि माहीत नसलेला प्राणी आहे. अशा वेळी ‘तो काही करत नाही’ म्हणजे तिच्या कानांना ‘तुमची भीती खोटी आहे’ असं ऐकू येतं. आणि तिचं ‘पाळता कशाला’ त्यांना ‘तुमच्या घरातलं माणूस हाकलून द्या’ असं ऐकू गेलं होतं. दोघंही आपापल्या जिवाची बाजू मांडत होती.

मी काकांना दुसरं वाक्य दिलं: “थांबा, मी याला बाजूला घेतो.” एवढंच, पुढे कुत्र्याचं गुणगान नाही. आणि ते बोलताना पट्टा खरोखर आखडता घ्यायचा. गर्दीच्या फूटपाथवर दीड मीटरच्या आसपासचा साधा पट्टा बरा, लांब सुटणारा पट्टा असेल तर समोरून मूल येताना तो लॉक करायचा. कुत्रा स्वतःच्या कडेला, माणसं मध्ये, मूल पलीकडच्या कडेला. आईनंही मुलीचा हात बदलायचा, म्हणजे दोघांच्या मध्ये ती स्वतः येते. फूटपाथ अरुंद असेल तर एकानं थांबायचं. कुणी थांबायचं यावर माझं मत स्पष्ट आहे: ज्याच्या हातात पट्टा आहे त्यानं आधी थांबावं. प्राणी त्यानं रस्त्यावर आणला आहे आणि अंतर राखण्याचं साधन त्याच्याच हातात आहे. पालकांकडे उरतं ते मुलाला धावू न देणं, कुत्र्याकडे ओरडत न जाऊ देणं, आणि मालकाला विचारल्याशिवाय हात लावू न देणं.

विष्ठेचा विषय आईनं काढलाच. त्यात काकांनी वाद घातला नाही, ते पिशवी जवळ ठेवतातच. त्यांना फक्त एक माहीत नव्हतं: कुत्र्यांच्या पोटातल्या गोलकृमींची अंडी ताज्या विष्ठेत संसर्ग करत नाहीत, मातीत पडून काही आठवड्यांनी ती धोक्याची होतात. म्हणजे वाळलेली शी ‘आता काय, वाळली’ म्हणून सोडून देणं चूक. मातीत खेळून तोंडात हात घालणाऱ्या मुलांना तीच बाधते.

मुलीबरोबर काम हळूहळू चाललं. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाबद्दल लिहिलं, ते वाचल्यापासून माझी पद्धत फारशी बदललेली नाही. पीटर खात असताना ससा लांब पिंजऱ्यात ठेवायचा आणि त्याला सोसेल तेवढाच रोज जवळ आणायचा. आम्ही तेच केलं, सशाऐवजी जीभवाला होता. पहिल्या दिवशी मायलेकी रस्त्याच्या पलीकडच्या बाकावर बसल्या, काका अलीकडून कुत्रा घेऊन गेले, बस. पुढच्या वेळी त्याच फूटपाथवर, पण खूप लांब. किती जवळ जायचं हे मुलीचा पाय ठरवणार. तो थांबला की सगळे थांबणार. ‘हात लाव, काही होत नाही’ हे वाक्य मी सगळ्यांना बंद करायला सांगितलं होतं. आजी-आजोबांनासुद्धा.

आईला घाई होती, शाळेचा प्रश्न होता. तिनं कुठेतरी वाचलं होतं की एकाच बैठकीत भीती जाते. तेही खोटं नाही. लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये जास्तीत जास्त तीन तासांच्या एका बैठकीची पद्धत मांडली, आणि प्रशिक्षित माणसाच्या हातात ती चालते. साडेचार वर्षांच्या मुलीसाठी मी ती निवडली नाही. पण भीती सहा महिने उलटूनही तशीच असेल, शाळा, खेळणं, झोप अडत असेल, तर आपलं आपण करत बसू नये, बालमानसतज्ज्ञाला दाखवावं.

मधल्या काळात तिला एक खेळ शिकवला: झाड व्हायचं. पाय जमिनीत, हात अंगाला चिकटून, नजर स्वतःच्या बुटांवर, तोंडातून आवाज नाही. पळणाऱ्यामागे कुत्रा धावतो, झाडाला हुंगून निघून जातो. आईनंही झाड व्हायला शिकायचं होतं. तिला ते मुलीपेक्षा जड गेलं.

चौथ्या आठवड्यात घोळ झाला. कोपऱ्यावरून भलताच एक कुत्रा आला, पट्टा नाही, मालकाचा पत्ता नाही. मुलगी जागीच थिजली. रडत होती, पण झाड झाली होती. आईनं किंकाळी घशातच अडवली आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. कुत्रा बूट हुंगून गेला. त्यानंतर आठ दिवस मुलगी पुन्हा कडेवर होती. आई फोनवर म्हणाली, “सगळं पाण्यात गेलं.” मी विचारलं, “ती रडत होती तेव्हा पळाली का?” थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “नाही. आणि मीही नाही ओरडले.”

आम्ही पुन्हा रस्त्यापलीकडच्या बाकापासून सुरुवात केली.

परवा आईचा निरोप आला. शाळेतून येताना समोरून काका दिसले, तेव्हा मुलीनं लांबूनच हात वर करून सांगितलं, “काका, थांबा, आधी आम्ही जाणार!” काका थांबले, पट्टा आखडता घेतला, जीभवाला खाली बसला. ती पावलं मोजत गेली, त्याच्याजवळून जाताना आकडा मोठ्यानं म्हणाली आणि पुढे जाऊन मागे वळून पाहिलं.

निरोपाच्या शेवटी आईनं विचारलं होतं, “आता हात लावायला कधी सांगू?” मी कळवलं, सांगूच नका. वाटलं तर ती काकांना विचारेल.