प्रोपोलिसची बाटली की बुक्कीने फोडलेला कांदा?

प्रश्न : ताई, आमच्या मिस्टरांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. जाऊबाईंचा भाऊ कुठल्यातरी मीटिंगला जाऊन प्रोपोलिसच्या थेंबांची बाटली घेऊन आला, म्हणतोय यात फ्लेव्होनॉइड असतात, शुगर कंट्रोलला येते, आणि साखरेऐवजी मध चालू करा त्यात पण अँटिऑक्सिडंट असतात. बाटली चांगली महाग आहे. घ्यावी का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी मधाचं बोलू, कारण तिथंच जास्त लोक फसतात. मधात फिनॉलिक संयुगं (वनस्पतींतून येणारी अँटिऑक्सिडंट द्रव्यं, फ्लेव्होनॉइड हा त्यांतलाच एक गट) असतात हे खरंय, फुलाफुलाप्रमाणे बदलतात, आणि जांभळासारखा गडद मध फिकट मधापेक्षा यात सहसा सरस असतो. पण मधाचा जवळपास 80 टक्के भाग साखर आहे हो, उरलेलं बहुतेक पाणी, आणि फिनॉलिक म्हणाल तर मिलिग्रॅममध्ये. मोठा चमचाभर मध म्हणजे साधारण 17 ग्रॅम साखर, 64 कॅलरी. पाटगावचा अस्सल मध आणला तरी मिस्टरांच्या मीटरला तो साखरच दिसणार. गुळाचंही तेच, पिवळ्याधमकपेक्षा काळपट गूळ बरा हे मान्य, पण शुगरवाल्याला दोन्ही गोडच.

खोकल्याला रात्री चमचाभर मध घेतला तर आराम पडतो, त्याला अभ्यासांचा आधार आहे. फक्त शुगर असेल तर तो चमचा हिशोबात धरायचा.

आता प्रोपोलिस. झाडाच्या कळ्या, साल यांतून निघणारी राळ माश्या गोळा करतात, त्यात मेण मिसळतात आणि पेटीतल्या फटी बुजवतात, ते हे. क्रायसिन, गॅलँगिन, पिनोसेम्ब्रिन असली फ्लेव्होनॉइड यात भरपूर, प्रयोगशाळेत ती जंतूंची वाढ रोखतात, म्हणून माश्यांना त्याचा उपयोग. गंमत म्हणजे आपल्याकडच्या जंगलातली सातेरी माशी प्रोपोलिस गोळाच करत नाही, ते काम मेलिफेराचं, म्हणजे पाळायला बाहेरून आणलेल्या युरोपीय माशीचं. आणि फुलोरी माशी पोळ्याच्या फांदीवर चिकट राळेची पट्टी लावते, मुंग्या वर चढू नयेत म्हणून. बाटलीवर 'सह्याद्रीतलं' लिहिलंय का ते जरा बघा.

पण बशीत जंतू मरणं वेगळं आणि माणसाची शुगर उतरणं वेगळं. शुगरवर काही छोटे अभ्यास झालेत, थोडा फरक दिसलाय, पण गोळीच्या जागी बाटली ठेवावी एवढा भरवसा त्यात नाही, शिवाय झाड बदललं की प्रोपोलिसही बदलतं त्यामुळे या बाटलीत काय आणि त्या बाटलीत काय कोण सांगणार. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रोपोलिसचे आरोग्यदावे तपासून नाकारले होते. काहींना याची ॲलर्जी येते, अंगावर पुरळ, ओठ सुजणं. ज्यांना मधमाशीच्या पदार्थांची ॲलर्जी किंवा दमा आहे त्यांनी नादी लागूच नये. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबभरही नको. माझं मत विचाराल तर बाटली परत करा, भावाला वाईट वाटलं तर वाटू दे.

फिनॉलिकच हवीत ना, तर कांदा खावा! 100 ग्रॅम कांद्यात साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम क्वेर्सेटिन (हे पण एक फ्लेव्होनॉइडच) असतं, लाल कांद्यात जास्त, आणि सगळ्यात जास्त बाहेरच्या थरांत, म्हणून साल काढताना हात आखडता घ्या, दोन-दोन थर केरात टाकू नका. शिजवल्यावर त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं, पण आपण रस्सा ओतून थोडाच देतो. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा, सिझनला जांभळं, नाचणीची भाकरी (नाचणीची फिनॉलिक सालीतच असतात, चाळून कोंडा फेकू नका), एवढं रोज पोटात गेलं तरी पुष्कळ झालं. यातली बरीच संयुगं आतड्यात थेट शोषली जात नाहीत, तिथले जंतू ती फोडून वापरतात, म्हणून एकदम डोस मारण्यापेक्षा रोजचं जेवणच बरं.

आणि हो, 'नॅचरल' म्हणून जास्त घेतलं तर चालतं असं नाही. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य फिनॉलिक) गेलं तर लिव्हरला त्रास होऊ शकतो असं युरोपच्या त्याच संस्थेने 2018 मध्ये सांगितलंय. कपातला चहा त्यात येत नाही, घाबरू नका.

प्रश्न : नात सहा महिन्यांची आहे, सासूबाई मधाचं बोट चाटवायचं म्हणतात. – कागल

उत्तर : नको. वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नको, कितीही शुद्ध असला तरी. मधात बोटुलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढतात. सासूबाईंना माझं नाव सांगा.

प्रश्न : हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाची गोळी चहासोबत घेते. चालेल ना? – गडहिंग्लज

उत्तर : चहातलं टॅनिन पण फिनॉलिकच, ते लोहाला धरून ठेवतं आणि शोषू देत नाही. चहा बंद करा म्हणत नाही (आपल्याकडं कोण ऐकणार!), पण जेवण आणि गोळीपासून तासभर तरी लांब ठेवा. गोळी पाण्याबरोबर घ्या, नाहीतर बिनसाखरेच्या लिंबूपाण्याबरोबर.