सीओपीडीचे उपचार आणि नातवंडांचा सांभाळ एकाच वेळी कसा जमवावा?

तुम्ही विचारले आहे की, सीओपीडीसाठी, म्हणजे धाप लागणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजारासाठी, आठवड्यातून दोन दिवस श्वसन-पुनर्वसनाच्या (देखरेखीखालील व्यायामाच्या) वर्गाला जायचे आहे, पण नेमकी त्याच वेळी दीड वर्षाची नात तुमच्याकडे असते, तर वर्ग काही महिने पुढे ढकलला तर चालेल का. चालणार नाही. मी तो ढकलून पाहिला आहे.

मी ६८ वर्षांचा आहे. तीस वर्षे सिगारेट ओढली, त्यामुळे आजाराबद्दल कोणाला बोल लावण्याचा अधिकार मला नाही. वर्ग बुडाल्याबद्दल मात्र थोडासा आहे, असे मला अजूनही वाटते. पत्नी गेल्यापासून मी मुलीकडे राहतो. वर्ग आठ आठवड्यांचा होता, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरा वाजता. तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या कामाच्या वेळा बदलल्या आणि तिने विचारले, "बाबा, अकरा ते एक मुलांना बघाल ना?" मी म्हणालो, "तसा माझा वर्ग असतो, पण बघू." माझ्या वाक्यातले "बघू" तेवढे तिने ऐकले. पुढच्या चार आठवड्यांत माझे आठही वर्ग बुडाले.

तेव्हा मी स्वतःची अशी समजूत घालत होतो की, दिवसभर मुलांच्या मागे धावतोच आहे, मग वेगळा व्यायाम कशाला? ही समजूत साफ चुकीची आहे. या आजारात श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात, आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, आणि धाप लागते म्हणून माणूस हालचाल टाळू लागला की पायांचे स्नायू दुबळे होऊन थोड्याशा श्रमानेही अधिक धाप लागते. इन्हेलर श्वासनलिका मोकळ्या करतो, पण पायांत बळ आणत नाही. ते काम वर्गात देखरेखीखाली, बेताबेताने वाढवलेल्या व्यायामाने होते. मूल अचानक रडले म्हणून धावत जाऊन त्याला उचलणे हा व्यायाम नव्हे, ती नुसती दमछाक आहे.

एके दुपारी सव्वा वर्षाच्या नातवाला कडेवर घेऊन जिना चढताना मधल्या वळणावर माझा श्वास अडकला. त्याला खाली ठेवायला वाकता येईना आणि वर चढण्याचे त्राण उरले नव्हते. चार वर्षांची नात दोन पायऱ्या वर उभी होती. नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडायचा, हा सराव मी घरी करत असे, तेव्हा तिने त्याला मेणबत्तीचा खेळ असे नाव दिले होते. ती वरून म्हणाली, "आजोबा, मेणबत्ती विझवा ना." मी भिंतीला टेकून आठ-दहा मेणबत्त्या विझवल्या, मग कठड्याला धरून तसाच पायरीवर बसलो आणि ती शेजारच्या काकूंना बोलावून घेऊन आली. नातवाला तेव्हा सर्दी होती. दोन दिवसांनी माझ्या कफाचा रंग बदलला, आणि तिसऱ्या रात्री मला रुग्णालयात दाखल करावे लागले. तिथे डॉक्टरांनी शेवटच्या वर्गाची तारीख विचारली, आणि मी उत्तर देण्याआधीच मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही मला सांगितले का नाही?"

म्हणून माझा सल्ला असा आहे की, घरी "बघू" म्हणू नका. वार आणि वेळ सांगा, ती दिनदर्शिकेवर लिहा, आणि उरलेल्या वेळात नातीला सांभाळा. आजारी माणसाने अडचण किती वेळा बोलून दाखवायची? एकदा सांगितल्यावर ऐकणाऱ्याने ते लक्षात ठेवायला नको का?

अर्थात, नातीला सर्दी-ताप असेल त्या दिवशी शक्यतो दुसरी सोय करावी, ते जमत नसेल तर मास्क लावावा आणि हात वारंवार धुवावेत. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. मुलाला उभ्याने उचलण्यापेक्षा बसून मांडीवर घेतलेले बरे. इन्हेलर मुलांच्या हाताला लागू देऊ नये. कफाचा रंग बदलला किंवा तातडीचा इन्हेलर नेहमीपेक्षा जास्त वेळा लागू लागला, तर माझ्यासारखी तिसऱ्या रात्रीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. मी डॉक्टर नाही, आणि तुमचा आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे मला माहीत नाही.

वर्गाची दुसरी वेळ मिळेल का, हे मात्र आधी विचारून घ्या. मी विचारले नव्हते. रुग्णालयातून घरी आल्यावर मुलीने एक फोन केला, तेव्हा दुपारी चारची तुकडीही असते असे कळले, आणि त्या तुकडीत मी सोळाच्या सोळा वर्ग पूर्ण केले. तो फोन मी तिसऱ्या आठवड्यातच करायला हवा होता, असे ती अजूनही ऐकवते. माझा वर्ग असतो हे मी त्याच दिवशी सांगितले होते, असे मी तिला ऐकवतो.